साल्मोनेला, ३७ हजार आणि आईची काळजी

मॅडम, सप्रेम नमस्कार.

मी मूळची कराडची. सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी झाले आणि दीड वर्षापासून कुरकुंभला एका औषध कंपनीच्या क्यूसी म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या लॅबमध्ये आहे. पगार २६ हजार. यंदा नेट-जेआरएफ ही संशोधनासाठीची सरकारी फेलोशिप मिळाली आणि दुसऱ्या राज्यातल्या एका संशोधन संस्थेत पीएचडीसाठी निवडही झाली. विषय आहे, साल्मोनेला माणसाच्या पेशीत शिरल्यावर आत तग कसा धरतो. आई म्हणते, जाणूनबुजून टायफॉइडच्या जंतूंत हात घालायचा हा कसला हट्ट? बाबांचं किराणा दुकान आहे. ते म्हणतात, टायफॉइडवर औषध आहे, लस आहे, मग जंतू पेशीत काय करतो हे कळून कुणाचं भलं होणार? आतेभाऊ पीएचडी होऊन ३५ व्या वर्षी अकरा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर आहे, त्याचं नाव रोज जेवताना निघतं. स्थळंही येताहेत. मला मात्र रिपोर्टवर रोज 'साल्मोनेला : अनुपस्थित' लिहून कंटाळा आलाय. महिन्याभरात कळवायचं आहे. जाऊ का?

तुमची,
'अनुपस्थित', कुरकुंभ

प्रिय 'अनुपस्थित',

जा, असं माझं मत आहे. पण होकाराचा मेल पाठवण्याआधी दोन दिवसांची रजा काढ आणि त्या लॅबमध्ये जाऊन बसून ये. तिथे काय बघायचं ते पुढे सांगते. आधी तुला स्वतःला काय हवंय ते बघू. तुझ्या पत्रात आई, बाबा, आतेभाऊ या सगळ्यांची मतं आली आहेत. तुझं स्वतःचं एकच वाक्य आहे आणि तेही कंटाळ्याचं.

कंटाळा आला म्हणून नोकरी बदलावी, पीएचडी करू नये. पीएचडीत कंटाळा नोकरीपेक्षा जास्त असतो, फक्त तो वेगळ्या जातीचा असतो.

सध्या तुझ्या टेबलावर साल्मोनेला येतो तो पॉझिटिव्ह कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठी मुद्दाम जंतू सोडलेल्या प्लेटवर. एक्सएलडी अगार या माध्यमावर जंतूंच्या लाल वसाहती, मधोमध काळा ठिपका. बाकीच्या प्लेटवर तो दिसू नये यासाठी कंपनी तुला पगार देते, आणि दिसलाच तर त्या दिवशी सगळा मजला तुझ्या टेबलाभोवती गोळा होतो. नव्या कामात प्लेटवर वसाहती याव्याच लागतात आणि भांडण सगळं आकड्यांवर असतं.

तुझं पहिलं वर्ष बहुतेक एकाच प्रयोगात जाईल. त्याला जेंटामायसिन प्रोटेक्शन म्हणतात. आदल्या दिवशी चोवीस खणांच्या प्लेटमध्ये माणसाच्या पेशी पसरून ठेवायच्या. जंतू रात्रभर वाढवायचे, सकाळी ताज्या माध्यमात घ्यायचे आणि वाढीच्या ज्या टप्प्यावर ते आत घुसायच्या तयारीत असतात तो टप्पा बरोबर साधायचा. मग पेशीमागे दहा जंतू अशा हिशेबाने ते पेशींवर सोडायचे. अर्धा तास ३७ अंशांवर ठेवलं की धुऊन वर जेंटामायसिन घालायचं. हे प्रतिजैविक पेशीच्या आवरणातून सहजी आत जात नाही. त्यामुळे बाहेर राहिलेले जंतू मरतात आणि आत शिरलेले वाचतात. तासाभराने औषधाचं प्रमाण उतरवायचं. काही खणांतल्या पेशी दोन तासांनी फोडायच्या, काही सोळा तासांनी. ते पाणी दहापट, शंभरपट, हजारपट पातळ करून प्लेटवर पसरायचं आणि दुसऱ्या दिवशी वसाहती मोजायच्या. सोळा तासांच्या आकड्याला दोन तासांच्या आकड्याने भागलं की आत गेल्यावर जंतू किती पटींनी वाढले ते कळतं.

आता घड्याळ बघ. दुपारी चारला जंतू सोडलेस तर सकाळी आठला लॅबमध्ये हजर राहावं लागणार, मग तो रविवार असो की लक्ष्मीपूजन.

एवढं करून काय होतं? एक जनुक काढून टाकलेला जंतू आणि मूळचा जंतू दोघे सारखेच वाढतात. पुढच्या खेपेला थोडा फरक दिसतो, त्यापुढच्या खेपेला तो नाहीसा होतो. मग कधीतरी लक्षात येतं की त्या खेपेला निम्म्या पेशी मरायला टेकल्या होत्या. त्यांची आवरणं गळकी झाली, जेंटामायसिन आत झिरपलं, आतले जंतू त्यानेच मेले, आणि आपण समजत होतो की जनुक काढल्यामुळे ते दुबळे झाले.

हे वाचताना 'मग पेशी जिवंत आहेत का हे आधीच का नाही तपासत?' असा प्रश्न तुझ्या मनात आला असेल तर तू या कामाची आहेस. 'बाप रे, किती ती कटकट' एवढंच आलं असेल, तर कुरकुंभची नोकरी वाईट नाही. तीही कुणीतरी नीट करायलाच हवी, नाहीतर आपण गोळ्या कुठल्या भरवशावर घ्यायच्या?

क्यूसीतून संशोधनात जाणं म्हणजे उशिरा जागं होणं, असंही तुला वाटत असावं. पत्रात तसं लिहिलेलं नाही, पण 'दीड वर्षापासून' हा शब्द जरा खाली मान घालून आलाय. स्टॅन्ली फाल्को या माणसाबद्दल वाच. जंतू रोग कसा घडवतो हे रेणूंच्या पातळीवर शोधणाऱ्या शास्त्राचा जनक म्हणून त्याचं नाव घेतात. सुरुवात केली ती अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रुग्णांचे नमुने तपासत. पुढे मिशिगनमधलं पदव्युत्तर शिक्षण मानसिक चिंतेच्या झटक्यांमुळे अर्धवट सोडून तो त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये परतला. तिथून सावरून पीएचडी केली आणि शेवटी स्टॅनफर्डला पोचला. तो काळ, तो देश आणि तिथला पैसा वेगळा होता, हे मला मान्य आहे. त्याच्यासारखं तुझं होईल असं मी म्हणत नाही. रोज नमुने तपासणाऱ्याची नजर संशोधनात वाया जात नाही, एवढंच म्हणते.

त्याच्या लॅबमधला १९८५ चा एक प्रयोग मला अजूनही फार आवडतो. राल्फ आयसबर्ग तेव्हा त्याच्याकडे पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचा संशोधक होता. यर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिस हा प्लेगच्या जंतूचा जवळचा नातेवाईक पेशीत शिरतो. प्रयोगशाळेतला निरुपद्रवी ई. कोलाय शिरत नाही. त्यांनी यर्सिनियाच्या डीएनएचे तुकडे केले, एकेक तुकडा ई. कोलायमध्ये घातला आणि ही सगळी जत्रा पेशींवर सोडली. जे आत गेले तेवढेच वेचून काढले. निघालं काय, तर एकट्या एका तुकड्याच्या जोरावर गरीब ई. कोलाय पेशीत घुसत होता! कुठलं महागडं यंत्र नाही, अवघड गणित नाही. ज्याला आत जाता येतं तो आपला, एवढी साधी चाळणी. असा प्रयोग सुचायला डोकं लागतं आणि तो निभावून न्यायला तुझ्यासारखे प्लेटवर बसलेले हात लागतात.

तुझ्या साल्मोनेलाची तऱ्हा आणखी न्यारी. त्याच्या अंगावर सुईसारखी एक प्रथिनांची यंत्रणा असते. पेशीला टेकला की त्या सुईतून तो आपली प्रथिनं थेट पेशीच्या आत सोडतो. पेशीचं आवरण उसळ्या मारायला लागतं आणि पेशी स्वतःच त्याला आत ओढून घेते. कडी न तोडता घरमालकाच्याच हातून दार उघडून घेण्यातला प्रकार. आत गेल्यावर तो एका पिशवीत राहतो, आणि तिथे दुसरी सुई कामाला लागते. तुझा प्रकल्प या दुसऱ्या अंकाचा दिसतो.

गाइडला पहिला प्रश्न याबद्दलच विचार : साल्मोनेलाच्या दोन प्रकारांतला जंतू कुठला, टायफी की टायफीम्युरियम? बहुतेक लॅबमध्ये टायफीम्युरियम असतो, कारण तो उंदराला टायफॉइडसारखा आजार करतो आणि हाताळायला त्यातल्या त्यात बरा. माणसाला टायफॉइड करणारा टायफी उंदरात टिकत नाही. का टिकत नाही याचा एक मोठा धागा २०१२ मध्ये येल विद्यापीठात स्टेफानिया स्पानो आणि होर्हे गालान यांना सापडला. उंदराच्या भक्षक पेशीत रॅब-३२ नावाचं प्रथिन जंतूच्या पिशवीपर्यंत मारक माल पोचवायची व्यवस्था करतं. टायफीम्युरियमकडे हे रॅब-३२ कापून टाकणारी कात्री आहे, जीटीजीई नावाची. टायफीकडे ती नाही. ती एक कात्री टायफीला दिली, तर तो उंदराच्या पेशीतही तग धरू लागला. माणसाच्या पोटाशी इतका जखडलेला जंतू एका प्रथिनाने पलीकडच्या घरात राहायला गेला! (हा गालान मूळचा अर्जेंटिनाचा गुरांचा डॉक्टर. या क्षेत्रात सरळ रस्त्याने आलेली माणसं कमीच भेटतात.)

आता बाबांचा प्रश्न. त्याला घरात कुणी नीट उत्तर दिलेलं दिसत नाही, आणि प्रश्न रास्त आहे. ज्याला रोज संध्याकाळी गल्ला मोजायचा असतो त्याने फायदा विचारायचा नाही तर कुणी विचारायचा?

त्यांना शंभुनाथ डे यांची गोष्ट सांग. कोलकात्याचे विकृतिशास्त्राचे प्राध्यापक. कॉलऱ्याचा जंतू माणूस मारतो कसा, यावर तोवर भलभलत्या समजुती होत्या. डे यांनी सशाच्या आतड्याचा एक भाग दोन्ही टोकांना बांधून त्यात जंतू सोडून बघितले. मग १९५९ मध्ये जंतू पूर्ण गाळून काढलेलं नुसतं पाणी सोडलं. तरी आतडं पाण्याने फुगलं. म्हणजे मारणारा जंतू नव्हता, त्याने सोडलेलं विष होतं. हे विष आतड्याच्या पेशींना पाणी बाहेर टाकायला लावतं, पण साखर आणि मीठ मिळून शोषून घ्यायची पेशींची वाट शाबूत राहते. ही वाट दुसऱ्या शास्त्रज्ञांनी वेगळीच कामं करताना उलगडली होती. पुढे १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत दिलीप महालनबीस यांच्याकडे सलाइन संपलं. त्यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडाने पाजायला लावलं आणि त्यांच्याकडच्या रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. बाबांच्या दुकानात ओआरएसची पाकिटं असतीलच. पेशीत काय चाललंय हे कळल्याशिवाय ते पाकीट का चालतं हे कळत नाही.

डे यांची आपल्या देशाने किती दखल घेतली, हे मात्र बाबांना सांगू नकोस. १९७८ च्या नोबेल परिसंवादाचं बोलावणं त्यांना आलं, इथल्या विज्ञान अकादमींना मात्र ते शेवटपर्यंत दिसले नाहीत. हा धडा तुझ्यासाठी आहे. कौतुकासाठी या वाटेला जायचं नसतं.

लसीचंही तेच. टायफीच्या अंगावर साखरेचं एक कवच असतं, त्याच्या आडोशाने तो आपल्या प्रतिकारशक्तीला चकवतो. फेलिक्स आणि पिट यांनी १९३४ मध्ये ते ओळखलं आणि त्याला व्हीआय म्हटलं. तेच कवच प्रथिनाला जोडून टायफॉइडची नवी कॉन्ज्युगेट लस झाली. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने नऊ महिने ते चौदा वर्षांच्या एक लाखाहून जास्त मुलांना ती मोफत टोचली. सरकारी मोहिमेत ही लस वापरणारी ती जगातली पहिलीच जागा. १९३४ ते २०१८ म्हणजे ८४ वर्षं. बाबा म्हणतील, एवढ्या उधारीवर दुकान चालत नाही. खरं आहे, म्हणूनच हे काम सरकारी पैशावर चालतं.

आणि 'औषध आहे' म्हणत असतील, तर सिंध प्रांतातलं उदाहरण दे. २०१६ पासून तिथे असा टायफॉइड पसरला की जुनी तिन्ही औषधं, सिप्रोसारखी औषधं आणि सेफ्ट्रायॅक्सोनसुद्धा चालेना. तोंडाने द्यायला अझिथ्रोमायसिन उरलं. ते चालतं याचं एक कारण असं, की ते पेशीच्या आत साठतं आणि जंतूही तिथेच दडलेला असतो. उद्या तेही निकामी झालं तर पुढचं औषध शोधणाऱ्याला पेशीच्या आतला नकाशा लागेल. (आपल्याकडे कुठल्याही तापाला एक विडाल नावाची रक्ततपासणी काढून टायफॉइड ठरवतात आणि पाच दिवसांची प्रतिजैविकं देऊन मोकळे होतात. ते दिवस आपण स्वतःच जवळ आणतोय. तो वेगळ्या पत्राचा विषय.)

आईची भीती बाबांच्या प्रश्नापेक्षा मला जास्त खरी वाटते. 'काही होत नाही गं' म्हणून ती उडवून लावू नकोस, कारण होतं. अमेरिकेत २०११ मध्ये ३८ राज्यांत १०९ माणसांना साल्मोनेला टायफीम्युरियमची बाधा झाली आणि एक जण दगावला. माग काढला तर जंतू शिकवण्याच्या आणि तपासणीच्या लॅबमधला निघाला. आजारी पडलेल्यांत लॅबमध्ये कधी पाऊलही न टाकलेली घरची लहान मुलं होती. जंतू घरी नेला कुणी? बहुधा पेनाने, वहीने, मोबाइलने आणि लॅबकोटाने. तेव्हा लॅबची वही लॅबमध्ये, लॅबचं पेन लॅबमध्ये, मोबाइल बाहेरच्या ड्रॉवरमध्ये. कोट घरी धुवायला आणायचा नाही. हे नियम तू क्यूसीत पाळतेसच. तिथे ऑडिटर येतो म्हणून पाळतेस, इथे कुणी येणार नाही.

'आमचा जंतू दुबळा केलेला आहे' या वाक्यावरही विसंबू नकोस. शिकागो विद्यापीठातले माल्कम कॅसाडाबान हे नावाजलेले जनुकशास्त्रज्ञ २००९ मध्ये प्लेगच्या दुबळ्या केलेल्या जंतूने गेले. तो जंतू शरीरातून लोह मिळवू शकत नसे, म्हणून निर्धोक समजला जाई. कॅसाडाबान यांच्या शरीरात एका आनुवंशिक विकारामुळे लोह साठत होतं आणि ते त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं. जंतूला जे मिळायचं नव्हतं ते आयतं मिळालं. म्हणून रुजू होण्याआधी पूर्ण तपासणी करून घे, टायफॉइडची लस घे आणि ताप आला तर डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांग की मी साल्मोनेलावर काम करते. लस टायफीपुरती आहे, टायफीम्युरियमला ती उपयोगाची नाही. हे सगळं आईसमोर बसून सांग. काळजी करणाऱ्या माणसाला तपशील दिला की निम्मी काळजी उतरते.

आता आतेभाऊ. त्याची बाजू मी घेणार आहे. ३५ व्या वर्षी कॉन्ट्रॅक्टवर असणं हा त्याचा नाकर्तेपणा नाही. कायम जागा थोड्या, पीएचडी झालेले फार, आणि जाहिराती निघून मुलाखती होईपर्यंत माणसाचे केस पिकतात. संशोधन संस्थेतली किंवा विद्यापीठातली कायम नोकरी हेच एक फळ धरून जाणार असशील तर जाऊ नकोस. पण वाटा तेवढ्याच नाहीत. पुण्या-हैदराबादच्या लस कंपन्या, गोव्या-पुण्यातले निदान-किट बनवणारे, छत्रपती संभाजीनगरात नवी प्रतिजैविकं शोधणारे (नॅफिथ्रोमायसिन हे नवं प्रतिजैविक वोकार्ट कंपनीच्या तिथल्याच संशोधन केंद्रातलं), या सगळ्यांना पेशी आणि जंतू एका प्लेटमध्ये नीट सांभाळता येणारा माणूस लागतो. तुझ्याकडे जीएमपीची, म्हणजे औषधनिर्मितीच्या नियमांची शिस्त आधीच आहे. पीएचडीवाल्यांत ती दुर्मिळ असते.

पैशाचं म्हणशील तर सुरुवातीला तू तोट्यात नाहीस. जेआरएफला जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार आहेत, दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे वरच्या पायरीची फेलो झालीस की ४२ हजार, घरभाडं भत्ता वेगळा. कुरकुंभपेक्षा जास्तच. घोडं अडतं ते दोन ठिकाणी. एक, फेलोशिप वेळेवर येत नाही. कागद इकडून तिकडे जायला महिने लागतात आणि मग रक्कम एकदम जमा होते. मी स्वतः अशी वाट बघितली आहे. मेसचे पैसे मैत्रिणीकडून उसने घेतले, की दर महिन्याला तिच्या तोंडाकडे बघवत नाही. तेव्हा सहा महिन्यांचा खर्च गाठीला बांधून जा. दोन, फेलोशिप पाच वर्षांची असते आणि असल्या प्रकल्पाला सहा वर्षं सहज लागतात. सहाव्या वर्षी पैसे कुठून येतात, हे गाइडला तोंडावर विचार. प्रश्नाने गाइड नाराज झाला तर तेही एक उत्तरच.

तर ते दोन दिवस. पोचल्यावर गाइडच्या केबिनमध्ये कमीत कमी वेळ बस. तिसऱ्या वर्षाची एक आणि पाचव्या वर्षाची एक मुलगी गाठ, त्यांना लॅबबाहेर चहाला ने. आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली, ते आता कुठे आहेत, पेपरवर पहिलं नाव कुणाचं लागतं, आणि निकाल मनासारखा आला नाही की सर काय म्हणतात, हे विचार. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. 'पुन्हा करून बघ' म्हणत असतील तर ठीक. 'असं कसं येईल, असं यायला हवं' म्हणत असतील तर परतीची गाडी पकड. जंतूंच्या नावावर लॅब निवडू नये, गाइडवर निवडावी. चांगल्या गाइडकडे साध्या जंतूवरही माणूस घडतो, वाईट गाइडकडे साल्मोनेलाचं सोनंही मातीमोल होतं.

मग पेशींच्या खोलीत जा. पेशी कुठून आणल्या ते विचार. पुण्यातच एनसीसीएस या सरकारी संशोधन संस्थेचा राष्ट्रीय पेशीसंग्रह आहे, तिथून रीतसर मागवल्या असतील तर उत्तम. शेजारच्या लॅबमधून उसन्या आणून दहा वर्षं फिरवलेल्या असतील तर सावध हो. आयएनटी-४०७ नावाच्या पेशी आतड्याच्या म्हणून वर्षानुवर्षं साल्मोनेलाच्या प्रयोगांत वापरल्या गेल्या. त्या निघाल्या हेला, म्हणजे १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून आलेल्या. आतड्यावरचे म्हणून छापलेले कितीतरी निष्कर्ष आतड्याचे नव्हतेच. मायकोप्लाझ्माची तपासणी किती दिवसांनी होते तेही बघ. हा बारकासा जंतू पेशींत गुपचूप राहतो, माध्यम गढूळही होत नाही, आणि दोन वर्षांचं काम केरात जातं. इनक्युबेटर आणि उणे ८० चा फ्रीझर जनरेटरवर आहेत की नाहीत, एवढं बघितलंस की खोलीबाहेर यायला हरकत नाही.

लग्नाबद्दल थोडक्यात. स्थळ बघायला येईल त्याला आधी सोळा तासांचा तो प्रयोग समजावून सांग. 'रविवारी सकाळी आठला?' असं विचारून तो हसला तर बोलणी पुढे न्यावीत. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएचडी करणाऱ्या स्त्रियांना प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांची रजा आहे, शिवाय मुदतीत दोन वर्षांची सवलत आहे. हे नियम गाइडला माहीत नसतात, आपण छापून न्यायचे. आणि दिवस असताना लिस्टेरियाच्या आसपासही फिरायचं नाही, शेजारच्या टेबलावर कुणी तो वाढवत असेल तरीही. हा जंतू वारेतून गर्भापर्यंत जातो. तेव्हा संकोच न करता वेळेवर सांगायचं आणि काम बदलून घ्यायचं.

लॅब पसंत पडली तर तिथूनच होकार कळव आणि कंपनीतला नोटीस पिरियड किती आहे ते नेमणूकपत्रात बघ. संस्थेची रुजू होण्याची तारीख त्याआधीची असेल तर मुदत वाढवून माग, बहुतेक ठिकाणी देतात. भांडून निघू नकोस. रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचा दाखला हातात पडल्याशिवाय कुरकुंभ सोडू नकोस. पीएचडीनंतर एखाद्या लस कंपनीत अर्ज करशील तेव्हा हे दीड वर्ष ते मोजतील, पण दाखला असला तरच.

तुझी,
सदरवाली मावशी